बसलं बघ परत : लिनक्सची स्क्रीन गोठली की नेमकं काय रीस्टार्ट करायचं

दुपारी तीन-साडेतीनला मामांचा फोन आला की मी उचलायच्या आधीच ओळखतो. "आरं, बसलं बघ परत. डबा नुसता घरघर करालाय." कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात मामांचं पॅटर्न शॉप आहे. फौंड्रीवाल्यांना लागणारे लाकडी पॅटर्न आणि कोअर बॉक्स ते बनवतात, आणि हल्ली लाकडाला हात लावायच्या आधी सगळं फ्रीकॅड या त्रिमितीय ड्रॉइंगच्या प्रोग्रॅममध्ये काढून बघतात. कॉम्प्युटर म्हणजे कुठल्याशा ऑफिसातून निघालेला जुना डेस्कटॉप. चौथ्या पिढीचा इंटेल आय३, ४ जीबी रॅम, साधी हार्ड डिस्क. त्यावर लिनक्स मिंट मीच टाकून दिलंय, त्यामुळं बसलं की बोलणी खायची पाळीही माझीच. मी असतो गोकुळ शिरगावात कामावर. पाळी सोडून उठता येत नाही, म्हणून सगळी दुरुस्ती फोनवर.

लक्षणं दर वेळी तीच. माऊसचा बाण आधी अडखळत सरकतो, मग जागेवर थांबतो. कोपऱ्यातलं घड्याळ ३:१२ वर अडकलेलं आणि भिंतीवरच्या घड्याळात ३:२० झालेले. कुठंही क्लिक करा, ढिम्म.

सुरुवातीला मामांचा इलाज सरळ होता. पॉवर बटण दाबून धरायचं, डबा बंद, परत चालू. तिसऱ्या-चौथ्या वेळी मात्र मशीन उठलंच नाही. काळ्या पडद्यावर बिझीबॉक्स आणि खाली इनिट्रामएफएस असं लिहून लुकलुकत बसलं. डिस्कवर लिहिणं चालू असताना वीज तोडली की फाइल सिस्टिम अर्धवट राहते. एरवी जर्नल, म्हणजे फाइल सिस्टिमनं ठेवलेली लिहिण्याची नोंदवही, ते सावरून घेतं, त्या दिवशी घेतलं नाही. एफ-एस-सी-के ही कमांड एकेक अक्षर फोनवर सांगून चालवली, प्रत्येक प्रश्नाला 'वाय' दाबायला लावलं, आणि अर्ध्या तासानं डेस्कटॉप दिसला. सकाळपासून काढलेला पंप हाउसिंगचा कोअर बॉक्स गेला तो गेलाच.

मग जवळच्या एका रिपेअरवाल्याला बोलावलं. त्यानं रॅम काढून पिना खोडरबरानं चोळल्या, कॅबिनेटमध्ये साचलेली लोखंडाची भुकटी ब्लोअरनं उडवली आणि "फॉरमॅट मारून घ्या" म्हणून गेला. खोडरबर वाईट नाही, उद्यमनगरच्या धुळीत तर नाहीच. पण चार दिवसांनी परत फोन आला.

एक सांगून ठेवतो. खाली कमांड मी फोनवर बोलतो तशा उच्चारानं लिहिल्या आहेत. टाइप करताना त्या अर्थातच इंग्रजी लहान लिपीत, मधली जागा आणि डॅश सांभाळून.

कोण बसलंय ते आधी बघा

स्क्रीन गोठली म्हणजे कॉम्प्युटर बसला, असं नसतं. सगळ्यात खाली कर्नल, म्हणजे मेमरी, डिस्क, कीबोर्ड सांभाळणारा लिनक्सचा गाभा. त्याच्यावर एक्स सर्व्हर, म्हणजे पडद्यावर चित्र काढणारा आणि कीबोर्ड-माऊसचं ऐकणारा प्रोग्रॅम. त्याच्यावर डेस्कटॉप, मिंटमध्ये सिनॅमन, जो खिडक्यांच्या चौकटी, पॅनेल, मेनू सांभाळतो. सगळ्यात वर आपले प्रोग्रॅम. शिवाय लाइटडीएम नावाचा डिस्प्ले मॅनेजर बाजूला उभा असतो. लॉगिनची पाटी तो दाखवतो आणि एक्स सर्व्हरला उठवायचं कामही त्याचंच. यातला एक मजला अडकला म्हणून सगळी इमारत पाडायची गरज नाही. मामांना मी त्यांच्या भाषेत सांगितलं, एक साचा फुटला म्हणून तुम्ही भट्टी विझवता का? त्यावर ते म्हणाले, "साचा फुटला ते दिसतं तरी, हितं काय दिसतंय?"

दिसतं. कॅप्स लॉकचं बटण दाबून बघायचं. ग्राफिकल पडद्यावर असताना तो दिवा लावणं-विझवणं एक्स सर्व्हरच्या हातात असतं. दिवा लगेच लागला-विझला, तर एक्स सर्व्हर जिवंत आहे आणि वरचा डेस्कटॉप किंवा एखादा प्रोग्रॅम अडकलाय. पाच-दहा सेकंदांनी लागला, तर सर्व्हर जिवंत आहे पण धापा टाकतोय. अजिबात लागला नाही, तर एक्स सर्व्हर अडकलाय, कदाचित त्याच्याही खालचं. आणि न दाबताच दिवे आपोआप लुकलुकायला लागले तर ते कर्नल पॅनिक. तिथं मात्र पॉवर बटणाशिवाय इलाज नाही. हे लुकलुकणं जुन्या गोल पिनच्या कीबोर्डवर दिसतं, यूएसबीवर त्याची वाट बघू नका.

दिवा लगेच लागत असेल

कंट्रोल, ऑल्ट आणि एस्केप एकदम. मिंटच्या सिनॅमनमध्ये यानं फक्त डेस्कटॉप परत सुरू होतो. पडदा क्षणभर उडतो, पॅनेल गायब होऊन परत येतं आणि उघड्या खिडक्या तशाच राहतात. काही जात नाही, त्यामुळं पहिला प्रयत्न हाच. दुसरी वाट म्हणजे ऑल्ट-एफ२ दाबून, येणाऱ्या पट्टीत नुसता 'आर' टाइप करून एंटर. जीनोम हा दुसरा डेस्कटॉप जर एक्सवर चालत असेल तर तिथंही हीच चालते. एक्सएफसीई हा तिसरा डेस्कटॉप वापरणाऱ्यांनी टर्मिनलमध्ये 'एक्सएफडब्ल्यूएम४ डॅश डॅश रिप्लेस' द्यावं.

दिवा उशिरा लागत असेल

कंट्रोल-ऑल्ट-एफ३. यानं चित्रांशिवायचा, नुसत्या अक्षरांचा दुसरा पडदा उघडतो. आणि मग थांबा. खरंच थांबा, मिनिटभरसुद्धा. मामा तेवढ्या वेळात तीच बटणं वीस वेळा दाबायचे, आणि ती सगळी रांगेत जाऊन बसायची. काळा पडदा आणि लॉगिनची ओळ आली की नाव टाकायचं, मग पासवर्ड. पासवर्ड टाइप करताना तिथं चांदण्या दिसत नाहीत, काहीच दिसत नाही. मामांनी त्यावरून कीबोर्ड खराब झालाय म्हणून नवीन आणायला माणूस पाठवला होता.

आत गेल्यावर लगेच रीस्टार्टवर उडी मारू नका. आधी 'फ्री डॅश एच'. किती मेमरी उरली ते कळतं. मग 'टॉप', आणि त्यात मोठ्या लिपीतला 'एम' दाबला की सगळ्यात जास्त मेमरी खाणारा वर येतो. तो ब्राउझर असेल तर 'पीकिल' आणि पुढं त्या प्रोग्रॅमचं नाव. तेवढ्यानं बऱ्याचदा सुटतं. कंट्रोल-ऑल्ट-एफ७ दाबून मिंटच्या पडद्यावर परत या, फ्रीकॅड जसंच्या तसं उघडं असतं.

नाहीच सुटलं तर मग ती कमांड, जिच्यासाठी बहुतेक लोक असलं काही शोधत येतात : 'सुडो सिस्टिमसीटीएल रीस्टार्ट डिस्प्ले-मॅनेजर'. 'सुडो' म्हणजे प्रशासकाच्या हक्कानं. लाइटडीएम असो, जीडीएम असो की एसडीडीएम, हे एकच नाव सगळीकडं चालतं, कारण ते जो डिस्प्ले मॅनेजर बसवलेला असेल त्याच्याकडंच बोट दाखवतं. एक्स सर्व्हर मरतो, नवा उठतो, लॉगिनची पाटी येते. किंमतही मोठी आहे. त्या पडद्यावर उघडलेलं सगळं बंद होतं, न साठवलेलं काम जातं. फ्रीकॅड ठरावीक वेळानं रिकव्हरीची प्रत ठेवतं, मुळात १५ मिनिटांनी. मामांच्या मशीनवर मी ते ५ मिनिटांवर आणलंय.

दिवा लागतच नसेल

कंट्रोल-ऑल्ट-एफ३ लाही मशीन ढिम्म राहिलं की लोक घाबरतात. त्यामागचं कारण साधं आहे. ती बटणं ऐकणारा एक्स सर्व्हरच असतो, आणि तोच बहिरा झालाय. अशा वेळी कर्नलशी थेट बोलायचं. ऑल्ट धरून ठेवा, प्रिंट स्क्रीनचं बटणही धरून ठेवा, त्याच बटणाचं जुनं नाव सिसआरक्यू, आणि 'आर' दाबा. कीबोर्ड एक्सच्या हातातून निघून कर्नलकडं येतो. मग परत कंट्रोल-ऑल्ट-एफ३ करून बघायचं. 'आर'ऐवजी 'के' दाबलं तर त्या पडद्यावरचं सगळं कर्नल मारून टाकतं, एक्स सर्व्हरसकट, आणि लाइटडीएम नवा सर्व्हर उभा करतो. आणि 'एफ' दाबलं तर मेमरी खाणारा सगळ्यात मोठा प्रोग्रॅम तेवढा मारला जातो. मामांच्या दुखण्यावर हेच 'एफ' सगळ्यात उपयोगी पडलं. का ते पुढं येतंय.

अडचण एकच, उबुंटू (मिंट ज्याच्यावर बेतलंय ते लिनक्स) आणि मिंटमध्ये ही बटणं मुळात अर्धी बंद असतात. कुठली बटणं चालू ते ठरवणारा कर्नलमधला आकडा १७६ असतो, म्हणजे १२८, ३२ आणि १६ यांची बेरीज. यात फक्त रीबूट, डिस्क वाचण्यापुरती ठेवणं आणि सिंक, म्हणजे डिस्कवरचं राहिलेलं लिहिणं पुरं करणं, एवढंच चालतं. 'आर' आणि 'के'साठी ४ लागतो, 'एफ'साठी ६४. सगळं मिळून २४४. ईटीसी फोल्डरात सिसीटीएल डॉट डी आहे, त्यातल्या १०-मॅजिक-सिसआरक्यू डॉट कॉन्फ या फाइलमध्ये आकडा बदलायचा आणि 'सुडो सिसीटीएल डॅश डॅश सिस्टिम' चालवायचं. हे मशीन चांगलं असताना करून ठेवा, बसल्यावर कसं करणार? सायबर कॅफे किंवा अभ्यासिकेतल्या मशीनवर मात्र करू नका. समोर बसलेल्या कुणालाही दुसऱ्याचा प्रोग्रॅम मारता येईल.

जुनी मंडळी विचारतील, कंट्रोल-ऑल्ट-बॅकस्पेसचं काय झालं? एकेकाळी तेवढ्यानं एक्स सर्व्हर उडायचा. चुकून दाबलं जाऊन लोकांचं काम जायला लागलं, म्हणून उबुंटूनं २००९ मधल्या ९.०४ आवृत्तीत ते मुळात बंद ठेवलं. कीबोर्ड लेआउटच्या पर्यायांमध्ये जाऊन परत चालू करता येतं. मी मामांच्या मशीनवर केलेलं नाही. फरशीवर भुस्सा, हातात पेन्सिल आणि एका बोटानं टायपिंग, तिथं हे बटण चालू ठेवायला माझी छाती होत नाही.

शेवटची वाट फोनवरून. मशीनवर आधीच ओपन-एसएसएच-सर्व्हर, म्हणजे नेटवर्कवरून आत यायची सोय, टाकून ठेवलं असेल, तर त्याच वायफायवरच्या फोनमधून टर्मक्स हे टर्मिनलचं ॲप वापरून आत शिरता येतं आणि वरचीच रीस्टार्टची कमांड देता येते. पडदा मेला तरी नेटवर्क पुष्कळदा जिवंत असतं. मशीनचा आयपी पत्ता तेवढा आधी कुठंतरी लिहून ठेवा.

एवढं करूनही नाहीच झालं, तर ऑल्ट आणि सिसआरक्यू धरून आर, ई, आय, एस, यू, बी, प्रत्येकाच्या मध्ये दोन-तीन सेकंद. १७६ वर यातली शेवटची तीनच चालतात, पण तेवढीही पॉवर बटणापेक्षा बरी. 'एस' डिस्कवरचं लिहिणं पुरं करतं, 'यू' डिस्क सुरक्षित करतं, 'बी' रीबूट.

मी कुठं चुकलो

एवढी सगळी हत्यारं देऊनही आठवड्याचा फोन थांबेना. फरक एवढाच की आता मशीन पाच मिनिटांत उठायचं. आणि तिथंच मी फसलो. डिस्प्ले मॅनेजर रीस्टार्ट केला की सगळं सुरळीत, मग दोष एक्स सर्व्हरचाच असणार, नाहीतर ग्राफिक्स ड्रायव्हरचा. मी दोन रविवार त्यातच घालवले. व्हार-लॉगमधली एक्सऑर्गची लॉग फाइल वाचली. तिची 'ओल्ड' नावाची जुनी प्रतही वाचली, कारण रीस्टार्टनंतर गोठलेल्या सत्राची नोंद त्या जुन्या प्रतीत जाते आणि नवीन फाइल कोरी सुरू होते. दुहेरी 'ई' असलेल्या ओळी म्हणजे चुका. तसं खास काही नव्हतं. कर्नलच्या लॉगमध्ये जीपीयू (ग्राफिक्स चिप) हँगची नोंदही नव्हती. कर्नल बदलून बघितला, काही नाही.

मामा मात्र पहिल्या दिवसापासून सांगत होते, डबा घरघर करालाय म्हणून. ते मी ऐकून सोडून देत होतो.

एका शनिवारी सुट्टी काढून दुकानातच जाऊन बसलो. दुसऱ्या पडद्यावर, कंट्रोल-ऑल्ट-एफ३ वर, 'व्हीएमस्टॅट ५' लावून ठेवलं. दर पाच सेकंदांनी एक ओळ येते. त्यात 'एसआय' आणि 'एसओ' असे दोन रकाने असतात, स्वॅपमधून, म्हणजे रॅम कमी पडली की वापरायच्या डिस्कवरच्या जागेतून, मेमरीत किती आलं आणि मेमरीतून स्वॅपमध्ये किती गेलं ते सांगणारे. सकाळी दोन्हीकडं शून्य. साडेअकराला मामांनी ब्राउझरमध्ये मेल उघडलं, व्हॉट्सॲप वेब उघडलं, जीएसटीचं पोर्टल उघडलं. अजून शून्यच. दीडला जेवणाची सुट्टी झाली आणि दुकानातल्या पोरांनी शाहू स्टेडियमवरच्या मॅचचे व्हिडिओ लावले, एक संपायच्या आत दुसरा, प्रत्येक नवीन टॅबमध्ये. सुट्टी संपली, टॅब कुणी बंद केले नाहीत. तीनला मामांनी गिऱ्हाइकानं पाठवलेली मोठी स्टेप (त्रिमितीय ड्रॉइंगची) फाइल फ्रीकॅडमध्ये उघडली. दोन्ही रकाने शून्यावरून चार आकड्यांत गेले, मग पाच आकड्यांत. कॅबिनेटवरचा लाल दिवा लुकलुकायचा थांबून पेटलेलाच राहिला, आणि हार्ड डिस्कची ती घरघर सुरू झाली.

४ जीबी रॅम संपली होती. कर्नल एका प्रोग्रॅमची पानं, म्हणजे मेमरीतले तुकडे, डिस्कवर टाकून दुसऱ्याची आत ओढत होता आणि लगेच परत उलटं. एक्स सर्व्हर बसला नव्हता. त्याचीच पानं डिस्कवर गेली होती आणि बिचारा रांगेत उभा होता. डिस्प्ले मॅनेजर रीस्टार्ट केला की सुरळीत व्हायचं, ते एक्स सर्व्हर नवीन मिळाला म्हणून नाही, तर त्याच्याबरोबर ब्राउझर, व्हिडिओ, फ्रीकॅड सगळं मरून मेमरी मोकळी व्हायची म्हणून. औषध लागू पडत होतं, फक्त रोग मी समजत होतो तो नव्हता.

तुमच्याकडं हेच आहे का, ते मागच्या वेळच्या लॉगमध्येही शोधता येतं. मशीन रीबूट केलं असेल तर 'जर्नलसीटीएल डॅश के डॅश बी डॅश १' द्या आणि त्यात 'आउट ऑफ मेमरी' शोधा. मारलेल्या प्रोग्रॅमचं नाव त्याच ओळीत असतं. आमच्याकडं अशी ओळ एकदाच सापडली, कारण कर्नल कुणाला मारायचं ठरवायच्या आतच आम्ही बटण दाबायचो. ओळ नाही म्हणजे मेमरीचा दोष नाही, असं समजू नका.

इलाज मग फार लागला नाही. जुन्या बाजारातून ४ जीबीची डीडीआर३ रॅमची आणखी एक पट्टी आणली. ती बसवताना पिना खोडरबरानं पुसल्या, रिपेअरवाल्याची आठवण काढत. अर्लीऊम नावाचा छोटा प्रोग्रॅम टाकला. 'सुडो ॲप्ट इन्स्टॉल अर्लीऊम', बस. रॅम आणि स्वॅप दोन्हींत १० टक्क्यांपेक्षा कमी उरलं की तो सगळ्यात जड प्रोग्रॅमला बंद व्हायला सांगतो, मशीन गोठायच्या आधीच. जड म्हटल्यावर तो फ्रीकॅडलाच धरेल ही भीती खरी आहे. म्हणून ईटीसी-डिफॉल्टमधल्या त्याच्या फाइलमध्ये 'डॅश डॅश प्रिफर' लिहून पुढं ब्राउझरचं नाव दिलं. मरायचंच असेल तर आधी मॅच मरू दे. सिनॅमनही आठवडाभर लॉगआउट न करता चालू ठेवलं की हळूहळू फुगतं. मिंट २०.२ पासून सिस्टिम सेटिंग्जच्या जनरल भागात सिनॅमनला मेमरीची मर्यादा घालता येते. ती ओलांडली की तो खिडक्यांना धक्का न लावता स्वतःच परत सुरू होतो. तीही घातली.

दोन गोष्टी, ज्या दिसायला अशाच पण वेगळ्या

पासवर्ड बरोबर, पडदा क्षणभर काळा आणि परत लॉगिनचीच पाटी, असं गोल गोल फिरत असेल तर डिस्प्ले मॅनेजर कितीही वेळा रीस्टार्ट करा, उपयोग नाही. कंट्रोल-ऑल्ट-एफ३ वर जाऊन 'डीएफ डॅश एच' बघा. डिस्क शंभर टक्के भरली असेल तर सत्र सुरू व्हायला जागाच नसते. आपल्या होम फोल्डरात लपलेली एक्ससेशन-एरर्स नावाची फाइल कधीकधी फुगून काही जीबी होते, तिच्याकडंही बघा. डिस्कवर जागा असेल तर एक्सऑथॉरिटी या लपलेल्या फाइलचा मालक कोण ते तपासा. सुडो लावून स्टार्टएक्स केलेल्या मशीनवर ती रूट म्हणजे प्रशासकाच्या नावावर जाते, 'सीएचओन'नं परत आपल्या नावावर करावी लागते.

आणि अपडेटनंतर पहिल्याच चालू करण्यात काळा पडदा आला, मशीनमध्ये एनव्हिडियाचं कार्ड आहे, तर बहुतेक नवीन कर्नलसाठी ड्रायव्हर तयार झालेला नाही. मशीन सुरू होताना येणाऱ्या ग्रबच्या यादीत ॲडव्हान्स्ड ऑप्शन्समध्ये जुना कर्नल निवडून आत या आणि तिथून ड्रायव्हर परत बसवा.

उबुंटू वापरणाऱ्यांनी वरचं सगळं लावायच्या आधी 'एको डॉलर एक्सडीजी-सेशन-टाइप' करून बघावं. मधल्या डॅशच्या जागी अंडरस्कोअर आणि नाव मोठ्या लिपीत. उत्तर वेलँड आलं तर हिशेब बदलतो. एक्स १९८४ साली एमआयटीत सुरू झाला तेव्हापासून सर्व्हर वेगळा आणि खिडक्या सांभाळणारा वेगळा, अशी वाटणी होती. २००८ साली सुरू झालेल्या वेलँडनं दोन्ही कामं एकाच प्रोग्रॅमकडं दिली. त्यामुळं जीनोममध्ये ऑल्ट-एफ२ आणि 'आर' तिथं चालत नाही. जीनोम शेल मेलं तर खिडक्याही गेल्या. उबुंटू २५.१० मध्ये तर लॉगिनच्या वेळी एक्सचा जीनोम निवडायची सोयच काढून टाकलीय. पण कंट्रोल-ऑल्ट-एफ३, 'फ्री', 'टॉप' आणि मेमरी खाणाऱ्याला मारणं, हे तिथंही तसंच.

मामांच्या मॉनिटरच्या कडेला आता खाकी चिकटपट्टीनं एक कागद लावलाय, पॅटर्नवर नंबर टाकायच्या मार्करनं लिहिलेला. पहिली ओळ, कॅप्स लॉक बघ. दुसरी, लाल दिवा बघ. तिसरी, ऑल्ट-प्रिंट-एफ. चौथी, भाच्याला फोन. पाचवी पोरांसाठी आहे आणि ती मामांनी मला न विचारता स्वतःच घातलीय : मॅच आपापल्या मोबाइलवर बघा.